यंत्रांची बडबड आणि एक रिंग

आयुष्यभर काय काम केलं असं कोणी विचारलं की मी सांगते, यंत्रांना गप्प बसवलं. लोकांना वाटतं, बाई थट्टा करतेय. डोणगावची माझी मामेबहीण तर तोंडावर म्हणाली, "सुनंदा, इतकं शिकली अन् गप्प बसवाचा पगार घेतला काय व? घरात तं एकाले गप्प बसवता आलं नाही तुले." हे मात्र खरं आहे. आमच्या घरात सगळेच बोलके, आणि त्यात पहिला नंबर माझा.

संपादकांनी कळवलं आहे, 'नोकरीतलं काहीतरी थरारक लिहा.' थरारक काय डोंबल! मलकापूरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, कॉम्प्युटर विभागात माझी सगळी नोकरी गेली. ऑपरेशन डॉक्टर करत, इंजेक्शन सिस्टर देत, मी खुर्चीवर बसून कीबोर्ड बडवत असे. पण एक दुपार अशी आली होती की मी पायात चप्पल न घालता, मे महिन्यात, हॉस्पिटलच्या आवारातून पळत सुटले होते. तीच सांगते. त्याआधी हे काम काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर मी का पळाले ते कळायचं नाही.

आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक थंडगार खोली होती. तिच्यात कपाटाएवढे कॉम्प्युटर, त्यांना सर्व्हर म्हणतात. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांचा साठा, सगळं त्यांच्या पोटात. उन्हाळ्यात त्या खोलीत लोक काहीतरी निमित्त काढून येत. अकाउंटच्या देशमुखांना तर मे महिन्यात रोज एक नवी अडचण यायची, आणि ती अडचण एसीसमोर उभं राहूनच सांगावी लागायची. मीही त्यांना कधी हाकललं नाही. बाहेर पंखासुद्धा गरम हवा फेकत असताना माणसाला हाकलायचं कसं?

सर्व्हर किंवा त्याला जोडलेलं एखादं यंत्र बंद पडलं तर लगेच कळावं म्हणून एक पहारेकरी प्रोग्राम असतो. तो सतत फिरत असतो. एकेका यंत्राचं दार ठोठावतो, विचारतो, 'बरं हाय ना?' यंत्र म्हणतं, 'हाव.' हा पुढच्या दाराशी जातो. इथवर झकास. पण गोम अशी की या प्रत्येक भेटीची नोंद होते. कोण आलं, दार उघडलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, पाहुणा गेला, दार लागलं. एका 'हाव'साठी इतक्या ओळी! आणि हे प्रत्येक यंत्राचं, मिनिटामिनिटाला, बारा महिने. या नोंदींना आम्ही लॉग म्हणतो. त्यात एखादी ओळ खरोखर कामाची असते, 'मी आजारी आहे' असं सांगणारी. ती हुडकणं म्हणजे लग्नाच्या मांडवाबाहेर आपली चप्पल हुडकणं.

हा पहारेकरी आम्हाला पुण्याच्या एका कंपनीनं बसवून दिला होता. तिथला इंजिनिअर मोठा गोड बोलायचा. मी त्याला फोन करून म्हणायचे, "अहो, या नोंदींनी जागा भरत चालली, जरा कमी करता येतील का?" तो म्हणायचा, "मॅडम, डेटा जितका जास्त तितका चांगला. कधी लागलाच तर?" एकदा माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की माझी पुस्तकातली मराठी गळून पडते आणि डोणगावची बाहेर येते. मी म्हटलं, "मले सांगा, तुम्ही सोता कधी वाचला काय हा डेटा? मंग काऊन जमवून राह्यले?" पलीकडे तो हळूच हसल्याचं मला ऐकू आलं. त्याला माझी भाषा गावंढळ वाटली असेल, मला त्याची यंत्रणा गावंढळ वाटत होती. दोघंही सभ्य म्हणून कोणी बोललं नाही.

आमच्या ट्रस्टच्या मोठ्या साहेबांचं दुसरंच. पहारेकरी जे जे बघायचा त्याचे मेसेज मोबाईलवरही पाठवायचा आणि साहेबांनी आपला नंबर हौसेनं त्यात घालून घेतला होता. मीटिंग सुरू असताना खिशात टुंग वाजलं की ते पाहुण्यांकडे बघून म्हणायचे, "पाहा, कसं काम सुरू हाय आमच्या हॉस्पिटलचं." जितकी टुंगटुंग जास्त तितकं काम जास्त, असा त्यांचा हिशेब. त्यांना कोण सांगणार, की साहेब, यातलं निम्मं 'दार लागलं' आणि निम्मं 'दार उघडलं' आहे!

पण साहेबांची ही मजा ज्याच्या जिवावर उठली होती, तो माणूस म्हणजे रक्तपेढीचे तायडे भाऊ. उंच, काळेसावळे, आवाज असा की रक्तदान शिबिरात माईक लागायचा नाही. रक्तपेढीतले तंत्रज्ञ, हाताखाली दोन माणसं, आणि रागाला कधीही तयार. रक्ताच्या पिशव्या ज्या फ्रीजमध्ये ठेवतात तो फ्रीज दोन ते सहा अंशांच्या मध्ये ठेवावा लागतो. वर गेला की रक्त फुकट. त्या फ्रीजलाही आम्ही एक डबी लावली होती. ती तापमान सर्व्हरला कळवायची आणि सर्व्हर तायडे भाऊंच्या मोबाईलला. कागदावर योजना एकदम पक्की होती.

कागदावर लाईन जात नाही ना, म्हणून. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईन कशी येते-जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. वीज म्हणत नाही कोणी, लाईनच म्हणतात. लाईन गेली की प्रत्येक यंत्र कळवायचं, 'लाईन गेली, मी बॅटरीवर आहे.' जनरेटर सुरू झाला की पुन्हा प्रत्येक यंत्र कळवायचं, 'लाईन आली.' मग जनरेटर बंद, खरी लाईन आली, पुन्हा तेच. एका दुपारी हे कितीदा! तायडे भाऊंचा मोबाईल टेबलावर थरथरत सरकत सरकत खाली पडायचा. शेवटी त्यांनी तो ड्रॉवरमध्ये कापसाच्या गुंडाळीखाली ठेवून दिला. फ्रीजला स्वतःचा एक भोंगा होता, तोही लाईन गेली की केकाटायचा, म्हणून त्याच्या तोंडावर त्यांच्या माणसांनी चिकटपट्टी लावली होती. दोघांचंही कारण एकच. काहीही वाजलं की अख्खं हॉस्पिटल न बघता म्हणायचं, "लाईनचंच असन." एसी पाणी गाळतो, लाईनचंच असन. लिफ्ट अडकली, लाईनचंच असन. आणि दहातल्या नऊ वेळा ते लाईनचंच असायचं, हीच तर पंचाईत होती.

अशा त्या मे महिन्यात वैशाली नावाची बाई ॲडमिट झाली. नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यातली, नवरा गजानन, दोघं मिळून भाजीपाला पिकवायचे. पहिलं बाळंतपण, वार खाली सरकलेली, रक्तस्राव होणार हे मॅडम डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. आणि रक्तगट ओ निगेटिव्ह. हा गट मिळणं म्हणजे किती कठीण, ते रक्तपेढीवाल्यांना विचारा. गजाननने शेतातलं काम टाकून जळगाव, खामगाव, अकोला असा फोनचा सपाटा लावला होता. कोणी ओळखीचा, कोणी ओळखीच्याचा मेहुणा, असे देणारे जमवले. रक्त आलं, तपासलं गेलं, तायडे भाऊंनी ते स्वतःच्या हातानं फ्रीजच्या मधल्या खणात ठेवलं आणि गजाननला म्हणाले, "आता तू जेव जाय. रक्त माह्याजवळ हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं.

त्याच दिवशी दुपारी खाली केसपेपरच्या खिडकीवरून आरडाओरडा ऐकू आला. मी खाली गेले, तर कॉम्प्युटर अडकले होते. रांग दारापर्यंत. एक आजोबा काठी आपटून विचारत होते, "काऊन बे, मेल्यावर देता का केसपेपर?" मी वर धावले. सर्व्हर उघडला तर त्याच्या पोटात तिळाएवढी जागा उरली नव्हती. सगळी जागा त्या नोंदींनी खाल्ली होती. 'हाव', 'हाव', 'हाव', दार उघडलं, दार लागलं, लाईन गेली, लाईन आली.

पुण्याला फोन लावला. तो गोड मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळं उडवून टाका, जागा मोकळी होईल." करायला हवं होतं तेच. खाली लोक तिष्ठत होते. बोट बटणावर होतं. पण मला आपलं वाटलं, कचरा काढताना केरसुणी फिरवण्याआधी आपण जमिनीकडे एक नजर टाकतो की नाही? कानातलं वगैरे पडलेलं असतं. तेवढंच करू. मी सर्व्हरला सांगितलं, 'हाव'च्या ओळी झाक, दारांच्या ओळी झाक, लाईनच्या ओळी झाक, उरलं ते दाखव.

पडदाभर पळणारी अक्षरं थांबली. इतकी बडबड पुसल्यावर खाली जेमतेम मूठभर ओळी उरल्या, आणि त्या सगळ्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. रक्तपेढीचा फ्रीज, तापमान वाढत आहे. तापमान वाढत आहे. तापमान वाढत आहे.

मला आधी वाटलं, लाईनचंच असेल. खोटं कशाला सांगू, मीही याच हॉस्पिटलची. पण लाईनच्या ओळी तर मी आत्ताच झाकल्या होत्या. हे लाईनचं नव्हतं! तायडे भाऊंना फोन केला, तो कापसाखाली. रक्तपेढी आवाराच्या पलीकडच्या टोकाला. सर्व्हर रूममध्ये चप्पल काढून जायची आमची पद्धत, ती घालायचं भान राहिलं नाही. फरशी म्हणजे तवा झाली होती. देशमुख जिन्यात भेटले, "काय झालं व मॅडम?" मी उत्तर दिलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

तायडे भाऊ जेवायला बसले होते. भाकरीचा तुकडा हातात. मी दारातूनच ओरडले, "भाऊ, फ्रीज पाहा!" ते म्हणाले, "काय झालं? लाईनचंच—" आणि माझ्या पायांकडे बघून थांबले. हात न धुताच उठले. फ्रीजला कान लावला. जनरेटर सुरू झाल्यावर बाकी सगळं सुरू झालं होतं, पण या फ्रीजचा कॉम्प्रेसर उठलाच नव्हता. आतला दिवा मात्र छान जळत होता, म्हणून जाता-येता बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं.

त्यांनी काचेचा तापमापक दोन पिशव्यांच्या मध्ये दाबून धरला. माझे पाय भाजत होते आणि ते मला तेव्हा कळलं. मग ते म्हणाले, "हवा तापली, रक्त नाही तापलं. अजून सहाच्या आत हाय. उचला!" त्यांची दोन्ही माणसं, ते आणि मी, आम्ही सगळ्यांनी मिळून पिशव्या दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवल्या. वैशालीच्या पिशव्या त्यांनी कोणाला हात लावू दिल्या नाहीत. एक एक करून छातीशी धरून नेल्या.

आणखी थोडा वेळ गेला असता तर त्या सगळ्या पिशव्या फेकाव्या लागल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. रक्तस्राव झाला, सांगितल्यापेक्षा जास्त झाला. ठेवलेल्या पिशव्यांतली एकही उरली नाही. दुपारी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "पोरगी झाली, आई बरी हाय," तेव्हा गजानन मटकन फरशीवर बसला आणि त्याच्या शेजारी, पांढरा कोट घालून, तायडे भाऊही बसले. मी सर्व्हर रूममध्ये जाऊन दार लावून रडून घेतलं. त्या खोलीचा असाही उपयोग होता.

संध्याकाळी तायडे भाऊ वर आले. मला वाटलं, आभार मानतील. कसचं काय! दारातूनच सुरू झाले, "मॅडम, तुमचं यंत्र बोलत नाही, बरळते. दिवसभर बरळणाऱ्याचं कोण ऐकते हो? माह्या आजीले असंच झालं होतं शेवटी. ती खरंच पाणी मांगे, तं आम्हाले वाटे बरळून राह्यली." मी खुर्ची पुढे केली. म्हटलं, "बसा भाऊ. तुम्हीच सांगा, तुम्हाले काय काय ऐकाचं हाय." ते म्हणाले, "मले फक्त वाईट सांगा. चांगलं मी समजून घेईन."

नोकरीत मला इतकं नेमकं काम कोणी सांगितलं नव्हतं. पुढचे काही दिवस मी तेच केलं. सगळं बरं असेल तर पहारेकऱ्यानं बघून पुढे जावं, लिहायचं नाही. लाईन गेली तर सगळ्यांनी मिळून एकच मेसेज. काही बिघडलं तर लगेच बोंब मारू नये, थोडं थांबून पुन्हा बघावं, आणि तरी बिघडलेलंच असेल तर मात्र त्या माणसालाच कळवावं ज्याच्या हातात ते दुरुस्त करणं आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण काय गाळायचं हे ठरवायला प्रत्येक यंत्राची खोड माहीत हवी. एक ओळ चुकून जास्त गाळली तर तीच नेमकी कामाची निघायची. तायडे भाऊ रोज खाली-वर करून, चहा पीत, माझ्याशी भांडत, एकेक ओळ माझ्याबरोबर बघत होते. भोंग्यावरची चिकटपट्टी त्यांनी स्वतः सोलून काढली.

हॉस्पिटल शांत झालं. मोठ्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, बंद पडलं काय सगळं? सकाळपासून एक टुंग नाही." मी म्हटलं, "साहेब, सगळं उत्तम चाललं आहे म्हणून शांत आहे." त्यांचा विश्वास बसला नाही. पुढे किती तरी दिवस ते मला 'पयले लय काम करत होत्या तुम्ही' अशा नजरेनं बघायचे. माझ्या नोकरीतली ही एक खंत आहे, लिहून टाकते. गडबड करणारं काम सगळ्यांना दिसतं. मी जे चांगलं केलं ते कोणाला दिसलंच नाही, कारण ते चांगलं झालं होतं.

आणि एक नवीनच कटकट उभी राहिली. तायडे भाऊ सकाळी येऊन विचारायचे, "मॅडम, फोन वाजला नाही." मी म्हणायचे, "म्हणजे सगळं बरं हाय." दुपारी पुन्हा. "अजून नाही वाजला. तो पहारेकरी जित्ता हाय ना?" मी चिडले. "बोलला तरी पंचाईत, नाही बोलला तरी पंचाईत! काय करू मी?" पण त्यांचं बरोबर होतं. पहारेकरीच झोपला तर त्याची शांतता आणि सगळं बरं असल्याची शांतता सारखीच. याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात धड सापडत नव्हतं.

ते उत्तर माझ्या घरातच होतं. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या काळात फोनला पैसे पडायचे, म्हणून मोबाईल आल्यावर त्यांनी घरात नियम केला होता. मुक्कामाच्या डेपोत गाडी लागली की एक रिंग द्यायची आणि कट करायची. आईनं उचलायचं नाही. रिंग वाजली की आई म्हणायची, "पोचले," आणि तवा चुलीवर ठेवायची. एरवी दिवसभर काही नाही. निवृत्त झाल्यावरही बाबा सकाळच्या चहाला मला मलकापूरला एक रिंग द्यायचे. बोलायचं असलं तर मग दोन रिंग.

वैशालीचं बाळ काही दिवस काचेच्या पेटीत होतं, म्हणून त्यांचा मुक्काम लांबला होता. घरी निघाले तेव्हा गजाननने वांगी, भेंडी, मिरच्या अशी पिशवी माझ्या टेबलावर आणून ठेवली. आणि हात जोडले. मी म्हटलं, "आभार तायडे भाऊंचे माना. अन् घरी पोचले की मले एक रिंग द्या. मी उचलणार नाही." संध्याकाळी तायडे भाऊ माझ्यासमोर बसून पुन्हा तोच वाद घालत होते, तेवढ्यात माझा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. ते म्हणाले, "उचला ना." मी म्हटलं, "नाही, पोचले ते." आणि आमचा वाद तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवसापासून पहारेकरी रोज सकाळच्या चहाला एकच मेसेज पाठवायला लागला. 'ठीक.' बस. तो आला की तायडे भाऊ कपाळाला हात लावून नमस्कार करायचे, का ते त्यांनाच ठाऊक. एकदा तो आला नाही, तर चहा टाकून ते वर आले, आणि बघतो तर मेसेज पाठवणाऱ्या सिमची मुदत संपली होती. कोणाला खरचटलंही नाही.

आता मी घरी असते. तायडे भाऊही निवृत्त होऊन नांदुऱ्याला राहतात, तिथल्या लोकांना ओरडतात. बाबा गेले. सकाळच्या चहाला फोन वाजत नाही याची मला अजून सवय झालेली नाही, होऊ नये असंही वाटतं. पण एक रिंग मात्र वर्षातून एकदा ठरलेली. त्या पोरीच्या वाढदिवसाला गजाननच्या नंबरावरून सकाळी फोन वाजतो आणि कट होतो. मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहून सुरू केलं. पोरीचं नाव स्वरा. मी तिला पेटीत पाहिलं तेवढंच. पण त्या एका रिंगेवर माझं वर्ष निघतं.

गेल्या वर्षी ती रिंग आली नाही. चहा झाला, आंघोळ झाली, स्वयंपाक झाला. फोन समोर ठेवून बसले. नवरा म्हणाला, "विसरला असन. माणूस आहे." मी म्हटलं, "तुम्हाले नाही कळणार." न वाजणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? दुपारी मी नियम मोडून फोन लावला, तर बंद. मग तायडे भाऊंना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मी जाऊन पाहून येतो. तुम्ही काळजी नका करू," आणि त्या आवाजात काळजी गच्च भरलेली.

दिवेलागणीला फोन वाजला. नंबर अनोळखी. एक रिंग झाली. मी हात मांडीवरच ठेवला, कट होईल म्हणून. दुसरी झाली. तिसरी झाली. कट होईचना! शेवटी उचलला.

"मावशी, मी स्वरा बोलून राह्यली. बाबाचा फोन विहिरीत पडला. हा आईचा नवीन हाय. मी बरी आहो."

डोळे पुसत मी काय बोलावं तर म्हटलं, "अव पण एक रिंग देऊन कट कराचा असते ना बाई."

"काऊन? आता तं फुकट असते."

मागे कोणाचा तरी खणखणीत हसण्याचा आवाज आला. तायडे भाऊ पोचले होते.

"मंग बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही बोल."

आणि ती बोलायला लागली. शेळीला दोन पिल्लं झाली, एक काळं, एक पांढरं, काळं तिचं आहे. वर्गातली एक मैत्रीण रुसली होती, मग बोलली. वरचा दात पडला, तो उंदरासाठी कौलावर फेकला, पण तिथं मांजर बसलं होतं. तायडे आजोबांनी पेढे आणले आणि त्यातले दोन स्वतःच खाल्ले. आई आत बोलावते आहे, पण ती जाणार नाही. दार उघडलं, दार लागलं, कोण आलं, कोण गेलं, सगळं सगळं ती सांगत होती. मी फोन कानाला घट्ट धरून बसले होते, आणि त्यातली एकही ओळ मला गाळावीशी वाटली नाही.